मोहोर, गेट पास आणि ई-इन्व्हॉइस : इस्लामपूर परिसराच्या संदर्भात व्यापारी बीजकाचा इतिहास

प्रस्तावना

व्यापाराचा इतिहास लिहिताना अभ्यासक भाव, वाहतूक, पीकपाणी आणि पतपुरवठा यांचा विचार करतात. ज्या कागदावर हा सारा व्यवहार उतरतो त्या कागदाचा विचार मात्र क्वचितच होतो. विकणाऱ्याने घेणाऱ्यास द्यावयाचा मालाचा व किमतीचा तपशील म्हणजे बीजक. हा शब्द मराठीत जुना आहे. इन्व्हॉइस हा इंग्रजी शब्द बाजारपेठेत रुळण्यापूर्वी तोच प्रचारात होता. भारतात १ ऑक्टोबर २०२० पासून या बीजकाच्या स्वरूपात मूलगामी बदल झाला. वार्षिक उलाढाल ५०० कोटी रुपयांहून अधिक असलेल्या व्यावसायिकांना आपले बीजक प्रथम शासनमान्य संगणकीय केंद्राकडे पाठवून त्यावर क्रमांक घेणे बंधनकारक झाले. ही मर्यादा पुढे टप्प्याटप्प्याने १००, ५०, २० आणि १० कोटींवर आली व १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींवर स्थिरावली. परिणामी साखर कारखान्यांपासून सुरू झालेला हा नियम तालुक्याच्या गावातील खतविक्रेत्या, लोखंडविक्रेत्या आणि यंत्रांचे सुटे भाग बनविणाऱ्या मध्यम व्यावसायिकांपर्यंत पोहोचला.

वाणिज्य विभागातील सहकाऱ्यांना हा तपशील नित्याचा आहे. इतिहासाच्या दृष्टीने मात्र त्यात एक वेगळाच प्रश्न दडलेला आहे, तो असा : सौदा झाला याचा साक्षीदार कोण? व्यापाऱ्याची वही, की राज्याची मोहोर? प्रस्तुत लेखात वाळवा तालुक्याचे ठाणे असलेल्या इस्लामपूरचा परिसर डोळ्यांपुढे ठेवून या प्रश्नाचा मागोवा घेतला आहे. (राज्य शासनाने २०२५ मध्ये या शहराचे नाव ईश्वरपूर करण्याचा निर्णय घेतला. येथे ऐतिहासिक संदर्भांच्या सोयीसाठी जुने नाव वापरले आहे.)

मोहोर आणि वही

राज्याने व्यापाऱ्याच्या मालाची नोंद मालाच्या प्रवासाआधीच करावी, ही कल्पना नवी नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात दुसऱ्या अधिकरणात शुल्काध्यक्षाची कर्तव्ये सांगितली आहेत. नाक्यावरील अधिकाऱ्यांनी व्यापारी कोण, कोठून आले, माल किती आणि त्यावर पहिली अभिज्ञानमुद्रा कोठे उमटली, हे लिहून घ्यावयाचे असे. मुद्रा नसलेल्या मालास दुप्पट शुल्क आणि खोट्या मुद्रेस आठपट दंड होता. आजच्या ई-इन्व्हॉइसमधील रकाने यांच्याशेजारी ठेवून पाहिले तर विकणारा, घेणारा, माल, मूल्य आणि प्रमाणचिन्ह ही पंचकडी जवळपास तीच दिसते. अर्थात शास्त्रग्रंथात सांगितलेली पद्धत प्रत्यक्षात कितपत पाळली जात होती, हा निराळा प्रश्न होय.

मराठा अमदानीतील जकातीचे स्वरूप अधिक गुंतागुंतीचे होते. माल जेथे भरला तेथे थळभरीत, जेथे उतरला व विकला तेथे थळमोड आणि मधल्या वाटेवर मार्गाची जकात, असे तिचे प्रकार होते. नाकी सरकारची, वतनदारांची आणि इनामदारांचीही असत. प्रत्येक ठिकाणी दस्तक दाखवणे, घासाघीस करणे आणि पैसा मोजणे हे एकट्यादुकट्या व्यापाऱ्यास परवडणारे नव्हते. या गरजेतून हुंडेकरी हा मध्यस्थ पुढे आला. ठरावीक रक्कम एकदाच घेऊन माल नाकी पार करून पोहोचविण्याची हमी तो देई. राज्याच्या कागदपत्रांचा व्याप वाढला की तो सांभाळणारा मध्यस्थ निर्माण होतो, ही गोष्ट पुढेही वारंवार दिसते. आज इस्लामपुरातील कर सल्लागाराच्या कार्यालयात महिन्याच्या १० व ११ तारखेला जी गर्दी होते, तिच्यात प्रस्तुत लेखकास हा जुना हुंडेकरी दिसतो.

कंपनी सरकारने १८३८ मध्ये मुंबई इलाख्यातील अंतर्गत पारगमन जकाती रद्द केल्या. सातारा राज्य १८४८ मध्ये खालसा झाले आणि वाळवे परिसर ब्रिटिश साताऱ्याचा भाग झाला. भोवतालच्या सांगली, मिरज, औंध, कोल्हापूर या संस्थानांच्या हद्दी आणि त्यांचे अधिकार वेगळेच राहिले. तथापि ब्रिटिश मुलखात तरी सौद्याच्या कागदावरील सरकारी मोहोर दूर झाली. त्यानंतरची सुमारे शंभर वर्षे ही व्यापाऱ्याच्या वहीची वर्षे होत. ‘श्री’ लिहून आरंभ केलेली, लाल कापडाच्या बांधणीची, बहुधा मोडीतील रोजकीर्द आणि खतावणी हाच व्यवहाराचा पुरावा होता. लक्ष्मीपूजनाला तिची पूजा होई. १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याने या वहीस मोजून मापून मान दिला. कलम ३४ अन्वये नियमितपणे ठेवलेल्या हिशेबवहीतील नोंद पुरावा म्हणून ग्राह्य होती, परंतु केवळ त्या नोंदीवर कोणाही माणसास देणेकरी ठरविता येत नसे. वही साक्षीदार होती, न्यायाधीश नव्हती. सावकारी व्यवहारांतील वह्यांबद्दल दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या मनात जो रोष होता आणि जो १८७५ च्या दंग्यांत प्रकट झाला, तो ध्यानात घेता हा सावधपणा योग्यच म्हणावा लागतो. दंगेखोरांनी माणसांपेक्षा कागद जाळले, ही बाब येथे विसरता येत नाही.

गेट पास

राज्याची मोहोर परत आली ती अबकारीच्या मार्गाने. साखरेवर १९३४ मध्ये आणि तंबाखूवर १९४३ मध्ये केंद्रीय अबकारी कर बसला. १९४४ च्या कायद्याने त्यास एकत्रित रूप मिळाले. तंबाखूच्या बाबतीत तर हा कर थेट शेतकऱ्याच्या खळ्यापर्यंत गेला. निपाणी आणि कृष्णाकाठच्या पट्ट्यात पिकाची नोंद, वखारीतील साठा आणि वाहतुकीचा परवाना ही शेतीच्या कामाचीच अंगे बनली. प्रक्रिया न केलेल्या तंबाखूवरील हा कर १९७९ मध्ये उठला.

साखरेच्या बाबतीत कारखान्याच्या दारातून पोते बाहेर पडावयाचे तर त्यासोबत गेट पास हवा असे. प्रारंभीच्या प्रत्यक्ष नियंत्रणाच्या पद्धतीत अबकारी अधिकारी कर निश्चित करी आणि मगच माल सुटे. १९६८-६९ पासून बहुतेक वस्तूंना सेल्फ रिमूव्हल प्रोसिजर लागू झाली व कर ठरवून भरण्याची जबाबदारी उत्पादकावर आली. तरी गेट पासचा नमुना व त्याचे पुस्तक यांवरील सरकारी नजर कायम राहिली. वाळवा तालुक्यात साखराळे येथील सहकारी साखर कारखाना व त्याच्या भोवतीची औद्योगिक वसाहत ज्या काळात वाढली, तो हाच काळ होय. या काळात साखरेच्या विक्रीचे दोन कागद असत : खरेदीदारासाठी कारखान्याचे बिल आणि राज्यासाठी गेट पास.

१ एप्रिल १९९४ रोजी केंद्र सरकारने गेट पासची पद्धत बंद केली आणि उत्पादकाचे स्वतःचे बीजक हाच अबकारीचा कागद मानला. उदारीकरणाच्या इतिहासात आयात परवाने आणि रुपयाचे अवमूल्यन यांवर पुष्कळ लिहिले गेले. या छोट्या बदलाकडे फारसे कोणी वळले नाही. वास्तविक राज्य आणि व्यापारी यांच्या नात्यात हा बदल मोठा होता. दोन कागदांचा एक कागद झाला, आणि तो एक कागद व्यापाऱ्याचा होता. राज्याने आपली मोहोर मागे घेऊन व्यापाऱ्याच्या शब्दावर विसंबण्याचे ठरविले. या विश्वासाचे वय सव्वीस वर्षांचे ठरले.

कागदाला आलेली किंमत

विक्रीकराचा प्रवाह याच्या समांतर वाहत होता. मुंबई प्रांतात पहिला विक्रीकर कायदा १९४६ मध्ये झाला. पुढे १९५९ चा कायदा दीर्घकाळ टिकला. त्या पद्धतीत बिल महत्त्वाचे होते, पण ते कराच्या हिशेबाचे साधन म्हणून. १ एप्रिल २००५ रोजी महाराष्ट्रात मूल्यवर्धित कर लागू झाला आणि बिलाचा स्वभावच पालटला. खरेदीवर भरलेला कर विक्रीवरील करातून वजा मिळू लागला. म्हणजे विक्रेत्याने दिलेले कर-बीजक हे खरेदीदाराच्या हाती रोख रकमेसारखे झाले. बीजकावर अकरा अंकी नोंदणी क्रमांक आणि नोंदणी चालू असल्याचे विक्रेत्याचे प्रमाणन आवश्यक ठरले. या क्रमांकाच्या आरंभी असलेला महाराष्ट्राचा संकेतांक २७ आजच्या पंधरा अक्षरी जीएसटी क्रमांकातही कायम आहे.

ज्या कागदाला पैशाची किंमत येते त्याची नक्कल होते. माल न देता केवळ बिले विकणाऱ्या व्यक्ती निर्माण झाल्या. विक्रीकर विभागाने अशा संशयित विक्रेत्यांच्या याद्या प्रसिद्ध केल्या आणि व्यापारी परिभाषेत त्यांना ‘हवाला डीलर’ हे नाव पडले. येथून खरा पेच सुरू झाला. विक्रेत्याने कर वसूल केला पण सरकारजमा केला नाही, तर माल घेऊन, पैसे देऊन, रीतसर बिल घेतलेल्या खरेदीदाराचे काय? हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापुढे आला तो आपल्या शेजारच्या कोल्हापुरातून. महालक्ष्मी कॉटन जिनिंग प्रेसिंग अँड ऑइल इंडस्ट्रीज विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात २०१२ मध्ये न्यायालयाने कलम ४८(५) वैध ठरविले. कर प्रत्यक्ष कोषागारात जमा झाला असेल तेवढ्याच मर्यादेपर्यंत वजावट मिळेल, असा त्याचा आशय होता.

या निकालाचे महत्त्व करविषयक ग्रंथांत नोंदले गेले आहे. इतिहासाच्या अंगाने पाहता त्याचा अर्थ असा की, व्यापाऱ्याच्या हातातील बीजक यापुढे पुरेसा पुरावा राहिले नाही. विक्रेत्याने सरकारशी कसा व्यवहार केला हे ठरविणारा पुरावा सरकारच्या दप्तरात होता, आणि खरेदीदारास ते दप्तर पाहण्याची सोय तेव्हा जवळपास नव्हती. ई-इन्व्हॉइसची खरी जन्मकथा संगणकाच्या प्रगतीत नसून या पेचात आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

बीजक ‘होण्या’ची नवी प्रक्रिया

१ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला. २०१८ मध्ये मालवाहतुकीसाठी ई-वे बिल आले, आणि २०२० मध्ये ई-इन्व्हॉइस. विक्रेता आपल्याच संगणकप्रणालीत बीजक तयार करतो. ते ठरावीक नमुन्यातील फाइलच्या रूपाने नोंदणी केंद्राकडे जाते. विक्रेत्याचा जीएसटी क्रमांक, दस्तऐवजाचा प्रकार, त्याचा क्रमांक आणि आर्थिक वर्ष यांवरून तेथे चौसष्ट अक्षरांचा एकमेव संदर्भ क्रमांक सिद्ध होतो. केंद्राची डिजिटल स्वाक्षरी व क्यूआर कोड घेऊन ते परत येते. हे सारे काही क्षणांत घडते. केंद्र माल तपासत नाही, किंमत रास्त आहे का हेही पाहत नाही. परंतु नियम ४८ मध्ये स्पष्ट म्हटले आहे की, ज्यास हा नियम लागू आहे त्याने अन्य रीतीने दिलेले बीजक हे बीजकच मानले जाणार नाही.

१९९४ मध्ये मागे घेतलेला गेट पास येथे परत आला, आणि तो अधिक समर्थ होऊन आला. जुना गेट पास बिलाच्या शेजारी उभा असे. नवा गेट पास बिलाच्या आत शिरला आहे. पूर्वी गेट पास चुकला तर दंड होई, पण विक्रीचे बिल बिलच राहत असे. आता मोहोर नसेल तर कागदाला अस्तित्वच नाही.

प्रमाणीकरणाबरोबर भाषाही प्रमाण झाली. बीजकाचा क्रमांक सोळा अक्षरांपेक्षा लांब चालत नाही. त्यात अक्षरे, अंक, आडवी व तिरकी रेघ एवढेच ग्राह्य आहे. वस्तूचे नाव काहीही असो, ओळख एचएसएन संकेतांकाने पटते, आणि ही सांकेतिक पद्धत मुळात आंतरराष्ट्रीय सीमाशुल्कासाठी १९८८ मध्ये अमलात आलेली आहे. मापांची यादीही ठरलेली आहे. तिच्यात क्विंटल आहे, किलो आहे, बॅग आहे. गुळाचा ‘रवा’ नाही आणि मालधक्क्यावरचा ‘डाग’ नाही. काकवीची हकीकत या संदर्भात उद्बोधक आहे. द्रवरूप गुळाचा प्रकार असलेल्या ‘राब’वरील कराचा निर्णय जीएसटी परिषदेने फेब्रुवारी २०२३ मध्ये केला : वेष्टनबंद व लेबल लावलेल्या मालावर ५ टक्के, सुट्या मालावर काही नाही. पाटणच्या किंवा शिराळ्याच्या गुऱ्हाळवाल्याला आपली काकवी कोठे बसते हे समजण्यासाठी उत्तर भारतीय शब्दाचा आधार घ्यावा लागतो. गुळाचेही तसेच : १८ जुलै २०२२ पासून वेष्टन आणि लेबल यांवर कर अवलंबून आहे, चवीवर नाही.

पूर्वीच्या वहीत खाडाखोड निषिद्ध मानली जाई. चूक झाली तर पुढे उलटी नोंद करीत. नव्या व्यवस्थेत हाच शिष्टाचार यंत्राने लादला आहे. केंद्राकडील बीजकात दुरुस्ती होत नाही. चोवीस तासांत ते संपूर्ण रद्द करता येते, त्यानंतर क्रेडिट नोट काढावी लागते. जुन्या मुनिमांना हा नियम पटला असता.

इतर देशांचा विचार केल्यास हेतूतील फरक ठळकपणे दिसतो. डेन्मार्कने १ फेब्रुवारी २००५ पासून सरकारी संस्थांना द्यावयाची सर्व बिले इलेक्ट्रॉनिक रूपात सक्तीची केली. तेथे राज्य हे प्रथम ग्राहक होते; बिल लवकर तपासावे, कमी खर्चात तपासावे व वेळेवर भागवावे हा त्यामागील विचार होता. इटलीने २०१४ मध्ये सरकारी खरेदीपासून प्रारंभ केला आणि १ जानेवारी २०१९ पासून खाजगी व्यवहारही शासकीय यंत्रणेतून नेले. भारताने नेमका उलटा मार्ग धरला. येथे प्रारंभच व्यापाऱ्या-व्यापाऱ्यांतील बिलांपासून झाला आणि राज्य आले ते करसंग्राहक म्हणून. शासकीय विभाग व स्थानिक स्वराज्य संस्था यांना तर २०२१ मध्ये ई-इन्व्हॉइस काढण्यातून सूट देण्यात आली. विक्री झाली हे राज्यास त्याच क्षणी कळते. मात्र राज्यानेच माल घेतला असेल तर त्याचे पैसे केव्हा मिळतील, याच्याशी त्या चौसष्ट अक्षरांचा काहीही संबंध नाही. लघुउद्योगांचे देणे ४५ दिवसांत द्यावे हा दंडक २००६ च्या कायद्यात आहे, पण त्याची अंमलबजावणी तक्रारीवर अवलंबून आहे. कर तपासणारे यंत्र आपोआप चालते आणि देणे भागविणारे यंत्र अर्ज केल्यावर चालते, ही विषमता तांत्रिक नाही; ती धोरणाची निवड आहे.

खरेदीदाराची अडचणही पूर्णतः सुटलेली नाही. १ जानेवारी २०२२ पासून विक्रेत्याने आपल्या विवरणात दाखविलेल्या बीजकांवरच वजावट मिळते. २००५ च्या खरेदीदारास सरकारी दप्तर दिसत नव्हते; आजच्या खरेदीदारास ते दर महिन्यास दिसते, हा निश्चितच लाभ आहे. परंतु विक्रेत्याच्या कसुरीचा भार खरेदीदारावर, हे २०१२ चे तत्त्व नव्या कायद्यातही टिकून आहे.

बिल कोण लिहितो?

इस्लामपूर परिसरात ‘बिल’ या शब्दाला आणखी एक अर्थ आहे आणि त्याशिवाय हा इतिहास अपुरा राहील. ऊस उत्पादक शेतकरी ‘बिल जमा झाले का?’ असे विचारतो तेव्हा त्यास पैसे अभिप्रेत असतात. विकणारा तो आहे, पण बिल तो लिहीत नाही. घेणारा कारखाना आपल्या काट्यावर वजन करतो, काटापावती देतो, उतारा काढतो, दर लावतो, कपाती करतो आणि बिल तयार करतो. शेतकऱ्याने पिकविलेल्या मालाच्या विक्रीस जीएसटी नोंदणी लागत नाही, म्हणून कोणतेही ई-इन्व्हॉइस त्याच्या वाट्यास येत नाही. सवलत म्हणून हे योग्यच आहे. तथापि त्याचा परिणाम असा की, त्याच कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक घाऊक साखरविक्रीच्या बिलाला राज्याची साक्ष आहे आणि आत येणाऱ्या प्रत्येक टन उसाला फक्त कारखान्याचीच साक्ष आहे. काटामारीच्या तक्रारी, बाहेरच्या काट्यावर वजन करू देण्याची मागणी, काट्यांच्या तपासणीसाठीची भरारी पथके या साऱ्यांचे मूळ येथे आहे. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस दिल्यापासून चौदा दिवसांत रक्कम न दिल्यास १५ टक्के व्याज देय होते. हे चौदा दिवस ज्या कागदापासून मोजावयाचे, तो कागद देणेकऱ्याच्याच काट्यावर छापला जातो. चोवीस तास व चौसष्ट अक्षरे यांची यंत्रणा उभारू शकणाऱ्या राज्यास काटापावतीवर अशी मोहोर उमटविणे अशक्य नाही. तिच्यातून कर मिळत नाही, एवढेच.

दप्तर कोठे राहील?

शेवटी इतिहासाच्या अभ्यासकाचा स्वार्थ. इनाम कमिशनने १८५२ नंतर दक्षिणेतील कागदपत्रे पुण्यात गोळा केली, तरी असंख्य कागद वाड्यांत आणि दुकानांत राहिले. वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड प्रसिद्ध केला तो साताऱ्याच्याच वाई येथे मिळालेल्या कागदांच्या आधारे. हे कागद टिकले, कारण ते खाजगी होते आणि विखुरलेले होते. गुळाचा, हळदीचा, तंबाखूचा या भागातील व्यापार कधी काळी कोणी लिहावयाचा ठरविला तर मोडीतील खतावण्या हेच त्याचे साधन असेल.

ई-इन्व्हॉइसची माहिती मात्र गावात राहत नाही. व्यापाऱ्याने आपले हिशेब वार्षिक विवरणाच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावेत, असा जीएसटी कायद्याचा दंडक आहे. त्यानंतर संगणक बदलतो, प्रणाली बदलते आणि फाइल उघडत नाही. केंद्राकडील संचय प्रचंड आहे, परंतु तो गोपनीय करविषयक माहितीचा आहे आणि इस्लामपूरच्या एखाद्या पेठेचा अभ्यास करू पाहणाऱ्या प्राध्यापकास तो खुला होण्याची तरतूद नाही. आजपर्यंतच्या कोणत्याही राजवटीपेक्षा या राजवटीजवळ बाजाराची अधिक नोंद आहे, आणि बाजाराजवळ स्वतःची नोंद सर्वांत कमी उरणार आहे.

दुकाने पुढच्या पिढीकडे जात आहेत आणि जुन्या वह्या माळ्यावरून थेट रद्दीत जात आहेत. वाळवा, शिराळा, पलूस आणि कराड या तालुक्यांतील महाविद्यालयांच्या इतिहास व वाणिज्य विभागांनी एकत्र येऊन अशा वह्यांची, तसेच १९९४ पूर्वीच्या गेट पासांची आणि २००५ ते २०१७ या काळातील कर-बीजकांची यादी करण्याचे काम हाती घ्यावे. मोडी वाचणारे शिक्षक अजून या भागात आहेत, आणि गेट पास स्वतःच्या हाताने भरलेले निवृत्त कारकूनही आहेत. प्रारंभ त्यांच्या मुलाखतींपासून करता येईल.